टाय रॉड एंडचा पुलर: जुन्या गाडीला काटा नको

पावसाळाभर शेडखाली उभी असलेली पद्मिनी किंवा ॲम्बॅसडर चतुर्थीला बाहेर काढली, की पुढून खडखड येते. टाय रॉड एंड, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा बॉल जॉइंट, सोडवायला मग काटा (सांध्यात ठोकायची दुहेरी टोकाची पाचर) आणि घण निघतो. काम झटपट होतं, पण काटा बहुतेक वेळा जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाडतो. बूट फाटला की तांबडी माती आत, ग्रीस बाहेर, आणि धडधाकट जॉइंट वर्षभरात ढिला. जॉइंट भंगारातच जायचा असेल तर खुशाल काटा मारा.

तोच जॉइंट परत बसवायचा असेल तर कात्रीसारख्या जबड्याचा, स्क्रूवाला पुलर, म्हणजे जॉइंट दाबून सोडवणारं हत्यार, घ्या. दुकानात जाताना जबड्याची जाडी आणि फट मोजायला व्हर्नियर कॅलिपर न्या. मोठ्या एसयूव्हीचा पुलर इथे कुचकामी: जबडा जाड, त्यामुळे बूट आणि स्टिअरिंग आर्मच्या मधल्या चिंचोळ्या जागेत शिरत नाही; फट रुंद, त्यामुळे शिरलाच तर तिरका होऊन निसटतो. जबडे घडीव पोलादाचे हवेत. ओतीव जबडा ऐन ताणात तडकतो, तेव्हा तोंड जवळ नसलेलं बरं.

आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नट अडवणारी दुमडलेली स्प्लिट पिन काढा, पण कॅसल नट (खाचा असलेला नट) पूर्ण काढू नका. तो स्टडच्या, म्हणजे जॉइंटच्या आटे असलेल्या खुंटीच्या, टोकाशी समपातळीत आणून ठेवा, म्हणजे आटे वाचतात. स्क्रू ताणला तरी जॉइंट हलत नसेल तर आणखी ताणू नका. ताण तसाच ठेवून आर्मच्या डोळ्यावर (स्टड बसतो त्या भोकाच्या कड्यावर) बाजूने हातोड्याचे दोन-तीन ठोके द्या, पलीकडून दुसरा हातोडा टेकवून. टेपर, म्हणजे स्टडचा निमुळता भाग, ‘टक्’ करून सुटतो. बसवताना टेपर कोरडा ठेवा, ग्रीस नको. पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा आणखी आवळा, मागे फिरवू नका. पिन नवीच घाला. टाय रॉड एंड बदलताना जुना किती फेऱ्यांत निघाला ते मोजून ठेवा, नवा तेवढ्याच फेऱ्यांत बसवा. तरीही नंतर चाकांचं अलाइनमेंट करावंच लागतं.

पुलरची खोट एकच: स्क्रूवरचा काळा थर किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत टिकत नाही. ग्रीस लावून फडक्यात गुंडाळून ठेवा.

आणि पद्मिनीच्या पुढच्या कॉइल स्प्रिंगला हा पुलर चालत नाही. तिथे स्प्रिंग कंप्रेसरच लागतो.