पैठणीच्या दुकानाला फॉन्ट कोणता घ्यावा: प्लेफेअर, बोदोनी, रोझा का टिरो?

संभाजीनगरात साडीचं, पैठणीचं दुकान टाकणारा जो तो म्हणतो की बोर्ड, कार्ड, पिशवी सगळं रॉयल दिसलं पाहिजे, आणि मग मोबाईल काढून दाखवतो तो फॅशन मासिकवाला फॉन्ट, जाड दांडे आणि मधे केसासारख्या बारीक रेषा. स्क्रीनवर लै भारी दिसतो, प्रश्नच नाही. पण आधी हे ठरवा की अक्षर किती मोठं छापायचंय आणि कशावर, फॉन्टचा चेहरा नंतर.

इंग्रजी नावासाठी खरी चुरस प्लेफेअर डिस्प्ले आणि बोदोनी मोडाची. बोदोनीचं मूळ इटलीतल्या पार्मा शहरात, अठराव्या शतकात तिथला छापखाना सांभाळणाऱ्या जांबातिस्ता बोदोनीच्या टायपात आहे. जाड-बारीकमधला फरक टोकाचा, सेरिफ, म्हणजे अक्षराच्या टोकाची पट्टी, नुसती सरळ रेघ. प्लेफेअर 2011 चा, क्लाउस एगर्स सोरेनसेननं केलेला, बास्करव्हिल या जुन्या इंग्रजी टायपाच्या वळणाचा आणि अंगानं जरा भरलेला, म्हणून छपाईत तोच जास्त तग धरतो. मरून कार्डावर पांढरी अक्षरं काढली की शाई बारीक रेषेत शिरते, सोनेरी फॉइल तिथंच तुटतं, आणि कापडी पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंग केलं तर बोदोनीच्या छोट्या एनचे (n) दोन दांडे कधीकधी नुसते समोरासमोर उभे राहतात, मधलं काहीच नाही. बोदोनी मोडात यावर इलाज आहे म्हणा, 6 ते 96 पॉइंटपर्यंत साइझप्रमाणे रेषेची जाडी बदलते, पण ते व्हेरिएबल फॉन्ट (एकाच फाइलीत आकार-जाडी बदलता येणारा) चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि आपल्याकडं बऱ्याच डीटीपीवाल्यांकडं अजून जुनं कोरेल हे डिझाइनचं सॉफ्टवेअरच आहे.

प्लेफेअरची एक खोड मात्र आहे. त्याचे आकडे वरखाली येतात, 3, 4, 5, 7, 9 ओळीच्या खाली लोंबतात. लग्नाच्या तारखेला छान वाटतं, मोबाईल नंबरला अजिबात नाही. सॉफ्टवेअरच्या ओपनटाइप सेटिंगमधून (फॉन्टमधले पर्यायी आकार तिथं मिळतात) सरळ आकडे चालू करून घ्या, नाहीतर नंबर दुसऱ्या फॉन्टात टाका.

आता मराठी. या दोघांतही देवनागरी नाहीच, तुम्ही 'पैठणी' टाइप केलं की विंडोज गुपचूप निर्मला नाहीतर मंगल घुसडतं आणि रॉयलपणा संपला. रोझा वन त्यासाठी बघा, इंडियन टाइप फाउंड्रीचा, 2014 चा, देवनागरी आणि इंग्रजी एकाच हाडाचे, त्यामुळं बोर्डावर दोन्ही नावं जुळतात. पण वजन, म्हणजे अक्षराच्या जाडीचा प्रकार, एकच आणि तेही भलतंच जाड, त्यात पत्ता टाकायचा विचारसुद्धा करू नका. गुलमंडीत गिऱ्हाईक बोर्डाच्या खालूनच जातं तिथं रोझा शोभतो, जालना रोडवर गाडीतून बघणाऱ्याला मात्र बारीक रेषा दिसत नाहीत, तिथं बोर्डाला साधा जाड फॉन्टच लावा बापा.

पत्रिका, माहितीपत्रक, साडीसोबतची चिठ्ठी असल्या वाचायच्या मजकुराला टिरो देवनागरी मराठी. ल आणि श आपल्या मराठी वळणाचे, रेषेत चढउतार आहे पण डोळ्यात भरणारा नाही. बोल्ड नाही त्यात, एवढंच.

मी तरी बोर्डाला रोझा, इंग्रजी नावाला प्लेफेअर आणि बाकी सगळीकडं टिरो घेईन, बोदोनी फक्त इन्स्टाच्या पोस्टपुरता. चारही गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, धंद्यासाठी वापरायची परवानगी पण आहे, तेव्हा कुणी बिलात फॉन्टचे वेगळे पैसे लावले तर देऊ नका.