झिऑन की एपिक? आधी लायसन्सचं बिल बघा

भोसरी-चाकणकडची मधल्या आकाराची कंपनी, सर्व्हर जुने झालेले, त्यावर ईआरपी (कंपनीचे सगळे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर), एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस आणि वीसेक व्हीएम, म्हणजे एकाच सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक. नवी खरेदी करायची आहे आणि टेबलावर दोन कोटेशनं आहेत: एक इंटेलचं, एक एएमडीचं.

दहा वर्षांपूर्वी हा प्रश्नच पडत नसे. सर्व्हर म्हणजे इंटेलचा झिऑन प्रोसेसर. मग 2017 मध्ये एएमडीने त्याच्या तोडीला एपिक आणलं, 2019 मध्ये एका प्रोसेसरवर 64 कोअर (एकाच वेळी वेगवेगळी कामं करणारे गाभे) दिले, आणि इंटेल तेव्हा 14 नॅनोमीटरच्या जुन्या चिपतंत्रावरच अडकलेलं होतं. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतच बघा ना: 2018 चा ‘प्रत्युष’ महासंगणक झिऑनवर, 2024 चा ‘अर्का’ एपिकवर.

आता इंटेल सावरलंय. झिऑन 6 आणि एपिक 9005, दोन्हींत मोठे कोअर 128 पर्यंत मिळतात. एएमडीकडे आटोपशीर कोअरचं 192 वालंही मॉडेल आहे. ब्रोशरमध्ये हे आकडे शोभतात. तुमच्या खिशाला मात्र ते जड जातील, कारण विंडोज सर्व्हरचं लायसन्स कोअर मोजून घ्यावं लागतं, सर्व्हरमागे किमान 16. व्हीएम चालवणारं व्हीएमवेअरही कोअरवरच, प्रत्येक प्रोसेसरला किमान 16. म्हणजे 32 कोअरचे दोन प्रोसेसर घेतले की 64 कोअरचे पैसे, मग ते निम्मा वेळ रिकामे बसले तरी.

म्हणून नव्याने मांडणी करत असाल तर माझा कौल एका सॉकेटच्या (एकच प्रोसेसर बसणाऱ्या), 32 कोअरच्या, जास्त क्लॉकच्या म्हणजे वेगाच्या एपिकला. एकाच प्रोसेसरवर मेमरीचे 12 चॅनल (रॅमकडे जाणाऱ्या वाटा) आणि डिस्क-नेटवर्क कार्ड जोडायला पीसीआयईच्या 128 लेन मिळतात, दुसरा सॉकेट लागतच नाही.

पण जुने झिऑन होस्ट (व्हीएम चालवणारे सर्व्हर) त्याच क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरच्या गटात, ठेवायचे असतील तर इंटेलच घ्या. चालू व्हीएम झिऑनवरून एपिकवर थेट हलवता येत नाही. आधी बंद करावी लागते, आणि महिनाअखेरीला ईआरपी बंद करायची परवानगी अकाउंट्सवाले देणार नाहीत. जीपीयूशिवाय थोडंफार एआय चालवायचं असेल तरीही झिऑनमधली एएमएक्स ही एआयच्या गणितांसाठीची सोय कामाला येते.

एआरएम या वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरचं काय? ॲमेझॉनचं ग्रॅव्हिटन हे त्यातलं एक, पण ते क्लाउडवर भाड्यानेच मिळतं आणि त्यावर विंडोज चालत नाही. तुमचं सगळं लिनक्सवर असतं तर वेगळं बोललो असतो.

कोटेशन तपासताना रॅमच्या ओळीवर बोट ठेवा. झिऑन 6 च्या 6700 मालिकेत आठ चॅनल आहेत, तिथे प्रोसेसरमागे आठ डिम (रॅमच्या पट्ट्या) पुरतात. एपिक 9005 ला बाराही भरले तरच पूर्ण वेग मिळतो. दोन्हीकडे आठच लावले असतील तर एपिकचं कोटेशन बारा डिमसह नव्याने मागवा आणि मगच किमती शेजारी ठेवा.