‘गांधी’ची डीव्हीडी: बेन किंग्जलेसाठी घ्यावीच

ऑनलाइन मागवलेली ‘गांधी’ची दोन डिस्कची डीव्हीडी आली ती चिरलेल्या डबीत, एक डिस्क निखळून ओरखडलेली. परत केली, आठ दिवसांनी धड प्रत मिळाली. तेवढा मनस्ताप सोडला, तर पैसे पुरेपूर वसूल झाले.

मी कोल्हापुरात हौशी नाटकं बसवते. हा सिनेमा शाळेत असताना बाईंनी रांगेने नेऊन दाखवला होता. तेव्हा गांधीजी पाहिले होते, आता नट पाहिला. तीन तास अकरा मिनिटांचा सिनेमा, पण थांबवत, मागे नेत पाहायला मला तीन संध्याकाळी लागल्या.

गांधीजी साकारणाऱ्या बेन किंग्जलेचं मूळ नाव कृष्ण पंडित भानजी. जन्म १९४३चा, यॉर्कशरमधला. वडील गुजराती वंशाचे डॉक्टर. १९६७ साली तो रॉयल शेक्सपिअर कंपनी या ब्रिटिश नाट्यसंस्थेत गेला. दिग्दर्शक पीटर ब्रूकच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये डिमिट्रियस, १९७५ साली हॅम्लेट. सिनेमावाल्यांना तो फारसा ठाऊकच नव्हता. १९८२ साली ‘गांधी’ आला, तोवर हा माणूस पंधरा वर्षं रंगमंचावर मुरला होता.

ते मुरलेपण पाहायचं असेल तर दक्षिण आफ्रिकेतला पास, म्हणजे तिथल्या भारतीयांवर सक्तीची केलेली ओळखपत्रं, जाळण्याचा प्रसंग लावा. पोलिसाची काठी बसलीय, सुटाबुटातला तरुण वकील खाली कोसळलाय. तरी हात थरथरत पुढे सरकतो, पास उचलतो, आगीत टाकतो. पुन्हा काठी. पुन्हा तोच हात. सगळं बोलणं त्या मनगटात आहे. एवढाच तुकडा मी सहा वेळा पाहिला. मोबाइलवर ही थरथर दिसत नाही, म्हणून म्हणते, मोठ्या पडद्याच्या टीव्हीवरच बघा.

समोर रोहिणी हट्टंगडींची कस्तुरबा आहे. त्या भूमिकेला बाफ्टा हे ब्रिटिश चित्रपट पारितोषिक मिळालं, आणि ते का, हे दोघं एका चौकटीत आले की कळतं. डॉ. लागूंचे गोखले थोडाच वेळ आहेत. मला आणखी हवे होते. वेशभूषेचं ऑस्कर जॉन मोलो यांच्यासोबत आमच्या कोल्हापूरच्या भानू अथैयांना मिळालं. सुटापासून पंचापर्यंतचा प्रवास नीट बघा, कपडा उतरत जातो तशी किंग्जलेची चालही बदलते.

सोबत दिग्दर्शक अॅटनबरो यांचं निवेदन आहे, किंग्जलेची मुलाखतही आहे. आधी सिनेमा बघा, मग ती. माझ्या प्रतीत मराठी सबटायटल्स नाहीत. आईला शेजारी बसून सांगावं लागलं.

हे आवडलं तर ‘सेक्सी बीस्ट’ मिळवा, २०००चा. त्यातला तोंडाळ, अंगावर येणारा गुंड हाच माणूस आहे, हे पटायला मला अर्धा तास लागला.

रविवारी तालमीला डिस्क घेऊन जातेय. आमचा एक गुणी मुलगा प्रत्येक वाक्याला हात हलवतो. त्याला पासचा प्रसंग दाखवायचाय, आवाज बंद करून.