शहापुरातल्या मावशींचा डबा: जठराच्या ऑपरेशननंतरचे चार महिने

अल्सरमुळे माझं अर्धं जठर काढलं. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात पाहुण्यांनी आणलेला कुंदा, म्हणजे दूध-खव्याची गोड मिठाई, दोन चमचे खाल्ला. वीस मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात कळ, मग जुलाब. डॉक्टरांनी सांगितलं, याला डंपिंग म्हणतात: गोड अन्न जठरात न थांबता एकदम आतड्यात उतरतं आणि पाणी ओढून घेतं.

तेव्हापासून बेळगावच्या शहापूर भागातल्या एका मावशींकडून डबा घेतो. एकच मोठा डबा नको, सहा वेळा थोडंथोडं हवं, एवढंच मी सांगितलं. त्यांनी सहा छोट्या वाट्याच काढल्या! मऊ भात, मुगाचं घट्ट वरण, वाफवलेला दुधी, उकडलेलं अंडं, दुपारी पातळ पोहे. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासानं घोट घोट, हेही त्यांनी लक्षात ठेवलं. आमच्याकडची जोंधळ्याची भाकरी मात्र तिसऱ्या महिन्यात, तीही चतकोर, चावून चावून. त्या दिवशी मला खरंच भरून आलं.

तक्रार एकच. सणाच्या दिवशी न विचारता शेवयांची खीर आली. फोन केल्यावर मावशींनी माफी मागितली आणि संध्याकाळी डाळीचं धिरडं पाठवलं. टिळकवाडीला माझ्या घरी डबा साडेबाराला येतो, पावसात कधी एक वाजतो. माझ्यासारख्याला एवढा उशीर जड जातो, म्हणून खिशात दोन खारी बिस्किटं ठेवतो. बी-१२ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन वेगळं चालूच आहे, अर्धं जठर गेल्यावर ते जेवणातून नीट शोषलं जात नाही.