सापशिडी, पत्ते की नाटुकली? सोलापूरच्या शिबिरासाठी निवड करताना

उन्हाळी शिबिरात मुलगा-मुलगी भेद आणि तृतीयपंथीयांचा विषय घ्यायचाय, पण भाषण नको, खेळ सांगा, असं म्हणणारे शिक्षक आणि पालक आता सोलापुरातही भेटतात. त्यांच्यापुढे साधारण तीन वाटा असतात. पूर्व भागातल्या आमच्या बालवाचनालयात आठ ते बारा वर्षांच्या मुलांबरोबर आम्ही तिन्ही खेळून पाहिल्या. आमची पसंती आधीच सांगतो: पत्ते.

सापशिडीचं आकर्षण आम्हालाही होतं. मोक्षपटापासून, म्हणजे सापशिडीच्या जुन्या रूपापासून, आपण चांगल्या-वाईटाचे धडे त्या चौकटींत भरत आलोय. जमिनीवर मोठा फ्लेक्स अंथरला की तीस मुलं एकदम रमतात. शिडीवर ‘भावाने भांडी घासली’, सापावर ‘मुलीची शाळा सोडवली’. अडचण फाशाची आहे. साप गिळतो तो चूक केली म्हणून नव्हे, तीन पडले म्हणून. खेळ संपल्यावर एकाला विचारलं, तुला गिळला तो साप कशाचा होता? तो म्हणाला, “एकोणनव्वदचा.” शिडी चढण्याआधी कारण सांगायचं, असा नियम लावला तेव्हा खेळ संथ झाला, पण मजकूर वाचला जाऊ लागला. मुलं खूप असतील तर हा नियम लावूनच सापशिडी घ्या.

नाटुकली सगळ्यात जोरकस आणि सगळ्यात धोक्याची. आमच्याकडे एका मुलाने विड्या वळणाऱ्या आईची भूमिका घेतली. सूप मांडीवर, पान झटकणं, कात्रीनं कापणं, तंबाखू भरून वळणं, दोरा गुंडाळणं. बोटं अगदी आईसारखी चालत होती. आई किती काम करते हे त्याने न बोलता दाखवलं. तो उठला तेव्हा मागून कुणीतरी एक चिडवायचा शब्द फेकला आणि सगळे हसले. पुढचे दोन दिवस तो आला नाही. चूक आमची होती. मुलं एकमेकांना ओळखतही नव्हती. नाटुकली घ्यायचीच तर शेवटच्या दिवशी घ्या. आणि तृतीयपंथी व्यक्तीचं सोंग कुणालाच देऊ नका. टाळ्या वाजवून नक्कल सुरू होते, आणि त्या घोळक्यात स्वतःबद्दल मनात गोंधळ असलेलं एखादं मूल असेल तर ते कायमचं गप्प बसतं.

पत्त्यांत कुणाला उभं राहावं लागत नाही. पत्त्याच्या एका बाजूला काम, दुसऱ्या बाजूला ते करणारं माणूस. काम वाचायचं, माणूस कोण ते ठरवायचं, मग पालथा पत्ता उलटायचा. पहिल्या खेळीत आम्ही ‘मी रिक्षा चालवते’ असं लिहून बसलो. मराठीत क्रियापदच चुगली करतं. वर्गातली एक तेलुगू बोलणारी मुलगी म्हणाली, “आमच्यात ‘मी जातो’ नि ‘मी जाते’ एकच असतं, तेलुगूतच वाचू की!” कन्नडमध्येही तसंच आहे. मग मराठी पत्त्यांवर ‘रिक्षा चालवणं’, ‘पन्नास जणांच्या भाकरी थापणं’, ‘बाळाला झोपवणं’ असं लिहिलं. या एका बदलाने खेळ उभा राहिला. भाकरीच्या पत्त्यामागे खानावळीतला दादा निघाला तेव्हा निम्मी मुलं “खोटं!” म्हणून ओरडली.

‘गावचा कारभार पाहणं’ हा पत्ता मात्र जरूर ठेवा. त्यामागे माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळने २०१७ मध्ये सरपंच म्हणून निवडून दिलेल्या तृतीयपंथी ज्ञानेश्वर कांबळे, म्हणजे ‘माउली’ आहेत. आपल्याच जिल्ह्यातलं नाव. पत्ता उलटल्यावर एकाने विचारलं, “त्यांना दादा म्हणायचं की ताई?” आम्ही उत्तर शोधत होतो, तेवढ्यात दुसरी म्हणाली, “माउलीच म्हणायचं. वारीत सगळ्यांनाच म्हणतात.” मोठ्या मुलांना इथेच सांगता येतं, की सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथी ही ओळख मान्य केली.

आठ वर्षांखालच्यांना हे पत्ते जड जातात. त्यांना चित्रं द्या. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात बाई आणि पुरुष मिळून भाजी निवडतायत असं चित्र घातलं होतं, तसली.

खेळ कोणताही घ्या, गट पाडताना ‘मुलगे विरुद्ध मुली’ करू नका. नाहीतर खेळ सुरू व्हायच्या आधीच धडा उलटा जातो. जन्ममहिन्यावरून पाडा.

पत्ते विकत घ्यायची गरज नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापल्या की चोवीस पत्ते तासाभरात होतात. त्यातले चार कोरे सोडा, मुलं भरतील. आमच्याकडे एकाने लिहिलं, ‘रात्री यंत्रमागावर उभं राहणं, सकाळी डबा भरणं.’ मागे कुणाचं चित्र काढू, विचारलं तर म्हणाला, “आमच्या घरात दोघं पण करतात. दोघांचं काढा.”