होटगी रस्त्यावरचे फिजिओथेरपी केंद्र आणि पंधरा वर्षांच्या पिचरचे कोपर

माझा धाकटा मुलगा पंधरा वर्षांचा असून शाळेच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू, आहे. गेल्या सप्टेंबरमध्ये त्याच्या उजव्या कोपराची आतली बाजू दुखू लागली आणि त्या निमित्ताने सोलापुरातील होटगी रस्त्यावरच्या एका लहान फिजिओथेरपी केंद्रात आमचे साडेचार महिने जाणे-येणे झाले. तेथे ‘फेकणारा हात’ या नावाने खेळाडूंसाठी एक स्वतंत्र उपक्रम चालतो, आणि हे परीक्षण त्या उपक्रमापुरतेच आहे. केंद्राचे नाव देत नाही, कारण ते चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमनीच तशी विनंती केली. मॅडम आणि त्यांचा एक सहायक एवढेच मनुष्यबळ असल्याने शालेय स्पर्धांच्या हंगामात आधीच त्यांची तारांबळ उडते. होटगी रस्ता, पहिला मजला, खाली औषधांचे दुकान, एवढ्या खुणेवर ज्याला शोधायचे आहे त्याला ते सापडेल.

दुखण्याची सुरुवात एका स्पर्धेच्या दिवशी झाली. सकाळच्या सामन्यात मुलाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत पिचिंग केले, दुपारी राखीव पिचर आला नाही म्हणून पुन्हा तोच माउंडवर, म्हणजे पिचर जेथून चेंडू टाकतो त्या उंचवट्यावर, उभा राहिला, आणि मधल्या दोन इनिंगमध्ये त्याने कॅचरचे, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलण्याचे, काम केले. संघ जिंकला, त्यामुळे कोणालाच काही वावगे वाटले नाही, मलाही नाही. दुसऱ्या दिवशी दप्तर उचलताना त्याचे तोंड वाकडे झाले. आईने, म्हणजे त्याच्या आजीने, चार दिवस कोमट तेलाने हात चोळला. मग आम्ही घराजवळच्या एका दवाखान्यात गेलो, जेथे कोपराला पट्टा, वर लावायचे मलम आणि दहा दिवसांचा मशीनचा शेक एवढे मिळाले आणि ‘आता खेळायला हरकत नाही’ असे तोंडी सांगण्यात आले. त्या दहा दिवसांत मुलगा नेमके काय खेळतो, हे तेथे कोणीही विचारले नाही.

होटगी रस्त्यावरील केंद्रात पहिली भेट सव्वा तास चालली आणि त्यातली पहिली वीस मिनिटे केवळ प्रश्नांत गेली. प्रतीक्षाकक्षात बहुतेक विडी वळणाऱ्या महिला आणि यंत्रमागावरचे कामगार बसलेले असतात. मान, मनगट, खांदा अशी त्यांची दुखणी. एकच हालचाल हजारदा केली की शरीराचे काय होते, हे या डॉक्टरांना सोलापूरने अगोदरच शिकवलेले असावे, कारण त्यांचा पहिलाच प्रश्न ‘कोठे दुखते’ असा नसून ‘त्या दिवशी किती चेंडू टाकलेस’ असा होता. मुलाला सांगता आले नाही. त्याच्या सरांना फोन केला, त्यांनाही सांगता आले नाही. शेवटी सरांनी सामन्याच्या गुणनोंदीच्या कागदाचे छायाचित्र पाठवले, मॅडमनी दोन्ही सामन्यांत मुलापुढे आलेले फलंदाज मोजले, ते तेहेतीस भरले, आणि एका फलंदाजामागे साधारण चार चेंडू धरून त्या दिवसाचा हिशेब एकशे तीसच्या पुढे गेला.

मेजर लीग बेसबॉल (अमेरिकेतील व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल (तेथील राष्ट्रीय संघटना) यांनी 2014 साली ‘पिच स्मार्ट’ नावाने वयोगटानुसार जी मर्यादा जाहीर केली, तीत 15-16 वर्षांच्या मुलासाठी एका दिवसाची कमाल संख्या 95 आहे, 76 किंवा त्याहून अधिक चेंडू टाकल्यास पुढे चार दिवस पिचिंग बंद ठेवायचे आहे, आणि पिचरने त्याच सामन्यात कॅचर होऊ नये असेही म्हटले आहे. आमच्याकडून एकाच दिवशी यातले सगळे मोडले गेले होते. हा तक्ता केंद्राच्या भिंतीवर लावलेला आहे, पण मला तक्त्यापेक्षा त्यामागचे कारण समजावून सांगण्याची मॅडमची पद्धत अधिक मोलाची वाटली. हात मागे जाऊन पुढे झेपावण्याच्या क्षणी कोपर आतल्या बाजूने उघडू पाहते. प्रौढ पिचरमध्ये हे वळवणारे बल (टॉर्क) सुमारे 64 न्यूटन-मीटर मोजले गेले आहे, आणि मृतदेहांवरील चाचण्यांत कोपराचा आतला अस्थिबंध साधारण त्याच्या निम्म्या बलालाच तुटतो. मग दर चेंडूला तो तुटत का नाही? कारण उरलेला भार कोपरापुढच्या हाताचे स्नायू उचलतात. स्नायू थकले की हा वाटेकरी निघून जातो आणि सगळा बोजा एकट्या अस्थिबंधावर येतो, किंवा आमच्या मुलासारख्या वाढत्या वयात अस्थिबंध जेथे हाडाला चिकटतो त्या ग्रोथ प्लेटवर, म्हणजे हाड जेथून वाढते त्या कूर्चेच्या थरावर, जो एक्स-रेमध्ये फटीसारखा दिसतो. दोन्ही कोपरांचे एक्स-रे शेजारी शेजारी लावून त्यांनी उजवीकडची फट डावीपेक्षा किंचित रुंद झालेली दाखवली. तुलनेसाठी दुसऱ्या कोपराचाही एक्स-रे काढायला सांगणारे ते आम्हाला भेटलेले पहिलेच ठिकाण.

थकव्याविषयीचे हे म्हणणे केवळ तर्काचे नाही. अमेरिकेत शस्त्रक्रिया झालेल्या 95 किशोरवयीन पिचरांची दुखापत नसलेल्या 45 पिचरांशी तुलना करणारा 2006 सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. हात थकलेला असतानाही नेहमी पिचिंग करत राहणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता 36 पटींनी अधिक आढळली, वर्षातून आठ महिन्यांहून जास्त काळ स्पर्धेत पिचिंग करणाऱ्यांत पाच पटींनी, आणि सामन्यामागे सरासरी 80 हून अधिक चेंडू टाकणाऱ्यांत चार पटींनी. 9 ते 14 वयाच्या 481 पिचरांवर दहा वर्षे लक्ष ठेवून 2011 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात वर्षाला शंभरहून अधिक इनिंग टाकणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट दिसला. ‘मुलाची शैली चुकीची आहे का?’ असे मी तीनदा विचारले, आणि तिन्ही वेळा मॅडमनी शांतपणे संख्येकडेच बोट दाखवले. बापाला दोष शैलीत सापडला तर बरे वाटते, कारण शैली मुलाची असते आणि वेळापत्रक मोठ्यांचे.

तपासणीचा दुसरा भाग मोजमापाचा होता. झोपवून, खांदा स्थिर धरून, कोनमापकाने दोन्ही खांद्यांचे आतले आणि बाहेरचे फिरणे मोजले: उजवा आत 40 अंश आणि बाहेर 108, डावा आत 60 आणि बाहेर 98. येथे घाईचा उपचारक ‘वीस अंशांची कमतरता’ म्हणून घाबरवून सोडेल. मॅडमनी दोन्ही दिशांची बेरीज मांडली आणि सांगितले की लहानपणापासून फेकणाऱ्यांच्या दंडाचे हाडच थोडे मागे वळलेले राहते, त्यामुळे बाहेरचे फिरणे वाढून आतले घटणे हा काही अंशी शरीराने केलेला बदल आहे. चिंता बेरजेतल्या तफावतीची, जी आमच्या बाबतीत दहा अंश होती. व्यावसायिक पिचरांच्या 2011 सालच्या अभ्यासात ही तफावत पाच अंशांहून अधिक असलेल्यांना खांद्याच्या दुखापतीचा धोका सुमारे अडीच पट आढळला होता. व्यावसायिकांचे आकडे शाळकरी मुलाला जसेच्या तसे लावू नयेत, हेही त्यांनीच सांगितले. मला तो प्रामाणिकपणा आवडला.

मग गाडी खाली उतरली, कंबर आणि पायांकडे. एका पायावर बसून उठताना मुलाचा गुडघा आत कोसळत होता आणि धड डगमगत होते. पिचिंगचा जोर पायांतून कंबरेत, कंबरेतून धडात आणि तेथून हातात येतो. खालचा एक दुवा ढिला असला तर तेवढा वेग खांदा आणि कोपर आपल्या अंगावर घेतात. यासाठीचे व्यायाम साधे होते: एका पायावरचे उठाबशांचे प्रकार, कुशीवर आडवे राहून धड तोलणे, रबरी पट्ट्याने खांद्याच्या मागच्या स्नायूंचे काम, आणि हात छातीसमोरून ओढून धरण्याचा ताण. चेंडूशिवाय हालचाल घोटण्यासाठी टॉवेलचे टोक हातात धरून पिचिंगची नक्कल करायची असते. टॉवेल घेऊन या असे सोलापुरात सांगणे म्हणजे विहिरीकडे घागरभर पाणी मागण्यासारखे आहे, आमच्या घरातून पहिल्याच दिवशी चार निघाले. जपानमध्ये लहान खेळाडूंसाठी तयार झालेला ‘योकोहामा बेसबॉल-9’ हा सरावापूर्वीचा व्यायामक्रम याच धाटणीचा असून त्याने कोपराच्या दुखापती निम्म्याच्या आसपास घटवल्या. केंद्राने आपला क्रम त्यावरूनच बेतला आहे आणि तसे उघडपणे सांगितलेही आहे.

सहा आठवडे फेकणे पूर्ण बंद होते. नोव्हेंबरात 45 फुटांवरून हलक्या हाताने सुरुवात झाली, एक दिवसाआड, मग 60, मग 90 फूट, आणि कोणत्याही टप्प्यावर दुखले की एक पायरी मागे. माउंडवर परतणे थेट जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठल्यावर झाले. वेगमापक गनला केंद्रात बंदी आहे आणि एका पालकाने ती आणली तेव्हा सहायकाने ती नम्रपणे पिशवीत परत ठेवायला लावली, कारण आकडा दिसला की मूल त्याच्या मागे धावते आणि वेग हाही धोक्याचा एक घटक आहे.

कर्व्हबॉलविषयी, म्हणजे हवेत वळणाऱ्या चेंडूविषयी, मात्र मला अधिक स्पष्ट उत्तर हवे होते. 2002 सालच्या एका अभ्यासात कर्व्हबॉल टाकणाऱ्या मुलांत खांदेदुखी अधिक आढळली होती, पण पुढे प्रयोगशाळेत मोजले असता कर्व्हबॉलमध्ये कोपरावरचा ताण फास्टबॉलपेक्षा, म्हणजे सरळ वेगवान चेंडूपेक्षा, जास्त दिसला नाही. मॅडमनी दोन्ही बाजू सांगितल्या आणि शेवटी ‘यंदा नको’ एवढ्यावर विषय मिटवला. यंदा नको तर कधी, याचे उत्तर मुलाला अजून मिळालेले नाही आणि तो ते विसरलेलाही नाही.

कोपराचा तुटलेला आतला अस्थिबंध नव्याने बांधण्याच्या ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रियेबद्दलचा मुलाचा गैरसमज येथेच दूर झाला. डॉ. फ्रँक जोब यांनी 25 सप्टेंबर 1974 रोजी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात दुसऱ्या हाताची कंडरा बसवली, तो 1976 मध्ये मैदानावर परतला आणि त्यानंतर 164 सामने जिंकला. ही कथा ऐकून अनेक मुलांना वाटते की शस्त्रक्रियेने हात पूर्वीपेक्षा जोरकस होतो. प्रत्यक्षात परतण्यास वर्ष ते दीड वर्ष लागते, आणि 2007 ते 2011 या काळात अमेरिकेतील अशा शस्त्रक्रियांपैकी निम्म्याहून अधिक 15 ते 19 वयोगटावर झाल्या होत्या, ही बाब कौतुकाची नाही. शोहेई ओहतानी या जपानी पिचरच्या कोपरावर दोनदा शस्त्रक्रिया करावी लागली, 2018 आणि 2023 मध्ये, हे मुलाला ठाऊक होते. त्याकडे इशारा म्हणून त्याने पाहिले नव्हते इतकेच.

आता त्रुटी. केंद्रात माउंड नाही, जागाच नाही, त्यामुळे उतारावरून पाय पडताना काय होते हे तेथे कळत नाही; मोबाइलवर काढलेले चित्रीकरणही एकाच बाजूने, आणि समोरून न पाहिल्याने पुढचा पाय तिरका पडतो हे पार्क मैदानावर सरांच्याच लक्षात आले. दोनदा विनंती करूनही मॅडमना मैदानावर यायला वेळ मिळाला नाही. व्यायामाचा कागद इंग्रजीत असून छायाप्रतीची छायाप्रत काढून त्यातली चित्रे काळवंडली आहेत. मराठी, तेलुगू आणि कन्नड घरांतली मुले जेथे येतात तेथे हे खटकते. संध्याकाळी सहाची वेळ दिली की पावणेसात धरावे. शिवाय मशीनच्या शेकाची वेगळी आकारणी सुचवली जाते. आम्ही ती दोनदा घेतली, नंतर नाकारली आणि काही बिघडले नाही. पहिल्या तपासणीचे आठशे आणि पुढच्या प्रत्येक बैठकीचे चारशे रुपये मला वाजवी वाटले, पण आठवड्यातून दोनदा येणे यंत्रमागावरच्या घराला परवडणारे नाही, आणि गटाने शिकवण्याची सोय अजून केलेली नाही.

सर्वांत मोठी उणीव त्यांच्या नोंदवहीत आहे. केंद्र प्रत्येक मुलाला एक वही देते आणि तीत सामन्यातले चेंडू लिहायचे असतात, फक्त सामन्यातले. अमेरिकेतील शाळकरी पिचरांच्या 2018 सालच्या पाहणीत सामन्याच्या दिवशी टाकलेल्या एकूण चेंडूंपैकी सुमारे 42 टक्के मोजणीतच येत नव्हते, कारण ते सामन्यापूर्वी बाजूला आणि इनिंगच्या आधी गरम होताना टाकलेले असतात. मी हे दाखवले तेव्हा मॅडमनी वहीत एक रकाना हाताने आखून दिला. छापील वहीत तो अजून आलेला नाही.

केंद्राच्या बाजूने एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते: जानेवारीत एका निमंत्रित स्पर्धेसाठी ‘तंदुरुस्त’ असे लिहून द्या म्हणून मीच आग्रह धरला होता, दुखणे थांबून तीन आठवडे झाले होते, आणि त्यांनी दिले नाही. त्या दिवशी मी रागाने जिना उतरलो. त्याच बैठकीत पुढच्या उन्हाळ्याचे वेळापत्रकही ठरले: वर्षातून चार महिने फेकणे बंद ठेवावे, त्यांतले दोन-तीन सलग असावेत, अशी शिफारस असल्याने एप्रिल, मे आणि जून मुलाने चेंडूला हात लावला नाही. सोलापूरच्या त्रेचाळीस अंशांत हे पाळणे फारसे जड गेले नाही.

ऑगस्टमधल्या पहिल्या स्पर्धेत मोजणी माझ्याकडे होती. कागदावर रेघा मारताना दोन इनिंगनंतर गोंधळ उडाला, तेव्हा आईने आपल्या बोटातले जपाचे काउंटर काढून दिले, आणि ते या कामाला इतके चोख निघाले की केंद्राने वहीबरोबर तेच द्यावे असे मी सुचवले आहे. त्या दिवशी आकडा 71 वर असताना सरांनी पिचर बदलला. बाजूला टाकलेले 38 वेगळ्या रकान्यात गेले. आईचे काउंटर अजून माझ्या खिशात आहे आणि तिचा जप सध्या माळेवर चालू आहे.