दहा दिवसांचे विपश्यना शिबिर: मार्ग अवघड खरा, पण नेमका कोठे?

मुक्तीसाठी सोपा मार्ग धरावा की अवघड, हा प्रश्न मनात घेऊन मी आतापर्यंत दोन ठिकाणी शिकलो. एक होता दोन दिवसांचा ऑनलाइन अभ्यासक्रम, ज्याच्या चालकांचे नाव मी येथे देत नाही. दुसरे होते सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतील दहा दिवसांचे विपश्यना शिबिर; विपश्यना म्हणजे शरीरातल्या संवेदना तटस्थपणे पाहण्याची ध्यानपद्धती. हे परीक्षण शिबिराचे आहे. अभ्यासक्रमाचा उल्लेख तुलनेपुरताच येईल.

शिबिराची दिनचर्या कडक आहे. पहाटे चारला घंटा होते, साडेचारला ध्यान सुरू होते, रात्री साडेनऊला दिवे मालवतात आणि मधल्या वेळात सुमारे दहा तास बसावे लागते. पहिले नऊ दिवस आर्य मौन असते, म्हणजे इतर साधकांशी बोलणे तर नाहीच, पण खुणेने वा नजरेनेही संवाद करायचा नाही. वाचन, लेखन आणि फोन पूर्ण बंद. पहिले साडेतीन दिवस फक्त येणारा-जाणारा श्वास पाहायचा असतो; चौथ्या दिवशी विपश्यना शिकवली जाते आणि त्यानंतर रोज तीन वेळा एकेक तासाचे अधिष्ठान असते, ज्यात डोळे उघडायचे नाहीत आणि हातपायही शक्यतो हलवायचे नाहीत.

या अधिष्ठानातच माझी समजूत चुकली होती. गुडघ्यातून निघणारी कळ दात-ओठ खाऊन सोसणे म्हणजे तप, आणि जितके अधिक सोसले तितकी मुक्ती जवळ आली, असे धरून मी दोन दिवस बसलो. अधिष्ठानाच्या तिसऱ्या दिवशी आचार्यांना भेटून ते सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्या सहनशीलतेची दखलच घेतली नाही. कळ नकोशी वाटते त्या क्षणी मन काय करते, एवढेच विचारले. उत्तर माझ्याजवळ नव्हते, कारण मी कळ पाहिलीच नव्हती, तिच्याशी झुंजत होतो. पुढच्या बैठकीत शरीर तेवढेच दुखत होते, पण त्या दुखण्याला ‘जा’ आणि सुखद लहरींना ‘थांब’ म्हणण्याची मनाची सवय प्रथमच स्पष्ट दिसली. त्या सवयीसमोर समता राखणे, म्हणजे हवे-नको न करता नुसते पाहत राहणे, हे या शिबिरातले खरे अवघड काम आहे. दुखऱ्या गुडघ्यांना मी उगाच तो मान दिला होता. ज्या बुद्धांचा वारसा ही परंपरा सांगते, त्यांनी स्वतः सहा वर्षे देह झिजवून पाहिला होता, आणि सारनाथच्या पहिल्या प्रवचनात भोगविलासाबरोबर देहदंडनही त्याज्य ठरवले होते. हे मी कितीदा वाचले होते, पण समजले त्या बैठकीनंतर.

दोन दिवसांच्या अभ्यासक्रमाबद्दल माझी तक्रार तो सोपा होता ही नाही. आपल्या संतांनी नामस्मरणाला सोपे साधन म्हटले, आणि अव्यक्ताच्या उपासनेत देहधाऱ्याला क्लेश अधिक होतात असे गीतेचा बारावा अध्यायही सांगतो. मात्र त्या सोपेपणात प्रवेशाची दारे उघडी आहेत. विद्वत्ता नको, कुळ नको, संसार सोडणे नको. नाम आयुष्यभर घ्यायचे आहे, हे मात्र त्यात गृहीतच आहे. त्या अभ्यासक्रमाने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ‘आत्मानुभूती पूर्ण’ झाल्याचे प्रमाणपत्र दिले आणि लगेच पुढच्या टप्प्याचे शुल्क कळवले. इतकी मोठी गोष्ट इतक्या हलक्या हाताने विकली जावी, याचे मला मनापासून वाईट वाटले.

शिबिराला शुल्क नाही, आणि दानही ज्याने किमान एक शिबिर पूर्ण केले आहे त्याच्याकडूनच घेतात. त्यामुळे फळाचे आमिष दाखवण्याचे कारणच शिकवणाऱ्यांना उरत नाही, आणि ही व्यवस्था मला दिनचर्येपेक्षाही मोलाची वाटते. गोयंका स्वतः व्यापारी होते आणि त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे महालेखापाल. 1969 साली गोयंका भारतात आले व येथे शिबिरे घेऊ लागले. अवघड मार्ग म्हणजे घर सोडणे, ही समजूत या गृहस्थ परंपरेकडे पाहून गळून पडते.

एक नियम मात्र आधीच समजून घ्यावा. शिबिराच्या काळात जप, पूजा आणि इतर सर्व साधना थांबवायच्या असतात. नियमामागचे कारण मला पटते, कारण दोन पद्धती मिसळल्यावर कशाने काय झाले हे कळत नाही. तरीही वर्षानुवर्षे नाम घेणाऱ्याला ते दहा दिवस बाजूला ठेवणे पहाटे उठण्यापेक्षा जड जाईल, आणि मन त्याला तयार नसेल तर त्याने आपले नामच निष्ठेने चालवावे, असे मी म्हणेन. ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे त्यांनी तो अर्जात लपवू नये. एवढ्या दीर्घ ध्यानाचा ताण त्यांच्यासाठी हितकर नसतो.

घरी परतल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसण्यास सांगितले जाते. माझी सकाळची बैठक टिकली आहे, संध्याकाळची अनेकदा मोडते, आणि तेथे घंटा वाजवणारे कोणी नसल्यामुळे शिबिरापेक्षा हाच भाग मला अधिक कठीण वाटतो. जाऊ इच्छिणाऱ्याने पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवस धरून बारा दिवस मोकळे ठेवावेत, मधूनच परतण्याचा विचार मनात ठेवून जाऊ नये, आणि परतल्यावरचा तो सकाळचा तास दिवसात कोठे बसणार, हे अर्ज भरण्यापूर्वीच ठरवावे.